सोलापुरातील स्त्री-गटाच्या बैठकीला पहिल्यांदा येताना

अलीकडे आमच्या गटाच्या बैठकीला नव्याने येणाऱ्या मुली आणि बायका वाढल्या आहेत. कुणी विद्यापीठात शिकते, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, तर कुणाच्या शेजारच्या घरात काही घडलेले असते आणि ते ऐकून स्वस्थ बसवत नाही म्हणून ती येते. तिथे जाऊन नेमके करायचे काय, कायदा कळत नसला तर चालेल का आणि घरी काय सांगायचे, हे प्रश्न जवळपास प्रत्येकीचे असतात. दर वेळी त्यांची तोंडी आणि अर्धवट उत्तरे देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे म्हणून हा लेख लिहिला आहे. यातील बरेचसे आम्ही चुका करत शिकलो आहोत.

आधी गट पारखून घ्या

सोलापुरात बायकांचे एकत्र येणे नवे नाही. कामगार युनियनच्या महिला आघाड्या आहेत, पक्षांच्या आहेत, गल्लोगल्ली बचत गट आहेत आणि कुणाशीही न जोडलेले लहान गटही आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे असते. बचत गट कर्जासाठी आणि हप्त्यासाठी असतो; तिथे मारहाणीचा विषय निघाला तर तो दोन वाक्यांत मिटवला जाण्याचा संभव असतो, कारण त्या गटाची ती जबाबदारीच नसते. म्हणून कुठल्याही गटात जाण्यापूर्वी तिथल्या जुन्या बाईला दोन गोष्टी विचाराव्यात. एक म्हणजे, मदत मागायला आलेल्या बाईची माहिती कोण लिहिते आणि ती वही कुठे ठेवली जाते. दुसरी म्हणजे, तिच्याबाबतचा निर्णय शेवटी कोण घेते. वही कपाटात कुलपात असते आणि निर्णय तीच बाई घेते, असे उत्तर आले तर त्या गटात खुशाल जावे. ‘आम्ही समजावून दोघांना परत नांदायला लावतो’ असे अभिमानाने सांगितले गेले, तर मात्र थोडे थांबून पाहावे.

वेळ ठरते ती कामावरून

पूर्वभागात, म्हणजे अशोक चौक, दत्त नगर, नीलम नगर या भागांत, घरी बसून विडी वळणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील बऱ्याचजणींची घरची भाषा तेलुगू आहे. वळलेल्या विड्या कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या, पान आणि तंबाखू घेऊन यायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या हजार विड्यांची तयारी करायची, यात त्यांची सकाळ जाते. त्यात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येणारे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी बैठक ठेवली, तर कुणीही येणार नाही आणि तसे न येणे योग्यच आहे. म्हणून बैठकीची वेळ ठरवण्याआधी त्या गल्लीची पाण्याची पाळी विचारून घेणे हा आमच्याकडे नियमच झाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणे अशक्य असते, तेव्हा बैठक संध्याकाळी सहानंतर होते. नव्याने येणाऱ्या सुशिक्षित मुलींना कधीकधी वाटते की बायका वेळ पाळत नाहीत. त्यांनी एकदा सकाळी ब्रँचच्या दारात जाऊन उभे राहावे. तिथे विडी तपासताना किती नापास होते, आणि पान कमी दिलेले असूनही हजार विड्या पूर्ण का मागितल्या जातात, हे ऐकले म्हणजे बैठकीतल्या निम्म्या चर्चेचा संदर्भ आपोआप लागतो.

पहिल्या बैठकीत

पहिल्या दिवशी सतरंजीवर जिथे जागा असेल तिथे बसावे आणि आपली ओळख स्वतःच्या नावाने करून द्यावी. अमक्याची बायको, तमक्याची सून अशी ओळख आम्ही मागत नाही. समोरच्या बाईलाही जात, धर्म किंवा ‘मालक काय करतात’ असे विचारू नये. फोन पिशवीत ठेवावा. फोटो कुणाचाही काढू नये. दुरून काढलेल्या आणि चेहरा नसलेल्या फोटोतही साडी ओळखू येते, आणि त्या साडीवरून एका बाईच्या घरी भांडण झालेले आम्ही पाहिले आहे.

बैठकीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी अशा चारही भाषा ऐकू येतात. ‘अक्का, मला मराठी बोलायला येतंय की, पण लिहायला येत नाही,’ असे सांगणारी बाई तिच्या भाषेत बोलू लागली की तिचे म्हणणे किती नेमके असते, हे लक्षात येते. तिची भाषा आपल्याला येत नसेल तर दुभाषा म्हणून तिच्या मुलाला किंवा नणंदेला कधीही बसवू नये. गटातलीच, शक्यतो दुसऱ्या गल्लीतली बाई शोधावी.

पहिल्या दोन-तीन बैठकींत नवीन बाईने बोलण्यापेक्षा ऐकावे, असा आमचा आग्रह असतो. ऐकणे म्हणजे नुसते गप्प बसणे नव्हे. आमच्याकडे एक वयस्कर अक्का येतात. त्या सूप मांडीवर घेऊनच बसतात. पत्र्याच्या साच्यावर कापलेले पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा, हे त्यांचे बोलता बोलता चालू असते. घरच्या तक्रारी, सुनेचे, पाण्याचे, रेशनचे सगळे त्या हात न थांबवता सांगतात. एखाद्या वेळी मात्र पान बोटांत तसेच राहते. ज्या गोष्टीसाठी त्या आलेल्या असतात ती तेव्हा येते. त्या क्षणी कुणी मध्येच सल्ला दिला, तर हात पुन्हा चालू लागतात आणि ती गोष्ट पुढचे कित्येक आठवडे येत नाही. असा क्षण ओळखून शांत राहता आले, की निम्मे काम आले असे समजावे.

निर्णय तिचाच

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तो मी माझ्या चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एक बाई डोळ्याखाली काळेनिळे घेऊन बैठकीला आली. मला संताप आवरला नाही. तिला काय हवे आहे हे नीट न विचारता मी त्याच संध्याकाळी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. न्यायालयाच्या आदेशाशिवाय अशा नोंदीचा पोलिसांना तपास करता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. नवऱ्याला बोलावून समज देण्यात आली आणि रात्री साडेदहाला ती त्याच घरात परत गेली, कारण ती झोपणार कुठे याचा विचार मी केलाच नव्हता. त्या रात्री घरात काय झाले ते तिने पुढे कधीतरी सांगितले, ते इथे लिहीत नाही. त्यानंतर सात महिने ती आली नाही.

आठव्या महिन्यात ती आपणहून आली. त्या मधल्या काळात तिने रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे पासबुक, दवाखान्याचे कागद आणि स्वतःच्या दागिन्यांच्या पावत्या एकेक करून बहिणीच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. मला तिने एवढेच सांगितले, की आता मी ठरवले आहे, तुम्ही फक्त त्या मॅडमकडे सोबत चला. त्या मॅडम म्हणजे घरातल्या हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी.

तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिलेले आहेत : तुम्हाला काय हवे आहे, आज रात्री तुम्ही आणि मुले कुठे असाल, आणि तुम्हाला फोन कोणत्या वेळी केलेला चालेल. नव्या बाईने हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. तिला घर सोडायचे नसेल, फक्त मारहाण थांबायला हवी असेल, तर तीही पूर्ण मागणी आहे. तिसऱ्या प्रश्नाला अनेकजण किरकोळ समजतात, पण अशा घरांत बाईचा फोन तपासला जातो. म्हणून मेसेज कधी पाठवू नये, स्वतःहून फोन करू नये, आणि तिचा मिस्ड कॉल आला तरच तिने दिलेल्या वेळेत परत बोलावे. मात्र जिवाला धोका असेल किंवा अल्पवयीन मुलीचा प्रश्न असेल, तर थांबायचे नसते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन, हे तिन्ही क्रमांक पाठ असले पाहिजेत.

एवढा कायदा आलाच पाहिजे

आपण वकील नाही, आणि तसे भासवूही नये. तरीही काही गोष्टी प्रत्येकीला न अडखळता सांगता यायला हव्यात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, विधवा वहिनी, तसेच लग्नासारख्या संबंधात राहिलेली स्त्रीही त्याचा आधार घेऊ शकते. शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही त्यात येतो, म्हणजे विडीचे पैसे हिसकावून घेणे हाही हिंसाचार आहे, आणि हे सांगितल्यावर बैठकीत अनेकजणी एकमेकींकडे बघतात. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले की त्या घरगुती घटनेचा अहवाल भरून घेतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी ती जिथे नांदत आली त्या घरात राहण्याचा हक्क, मारहाण रोखणारा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई, हे सगळे एकाच अर्जात मागता येते. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो, हे तिला पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगावे, कारण दर तारखेला तिचा एक दिवसाचा रोज बुडतो. मात्र संरक्षणाचा आदेश मिळाल्यावर तो मोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पोलिसांत जायचे तर १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. पूर्वी जे ४९८-अ म्हणून सगळ्यांच्या तोंडी होते, ते नवरा व सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असली तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात घ्यावी लागते आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी ती राहते तिथे यायचे असते. बलात्कार किंवा आम्लहल्ला झालेल्या स्त्रीवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार केले पाहिजेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे म्हणण्याची मुभा कुणालाही नाही.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती असली पाहिजे, तिची अध्यक्ष स्त्री असली पाहिजे आणि एक सदस्य बाहेरची असली पाहिजे. आपल्याकडे यंत्रमागाच्या आणि शिलाईच्या अनेक जागी दहा माणसेसुद्धा नसतात. तिथल्या बाईसाठी, आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तर कुठल्याही कामगार बाईसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढते. ही मुदत लक्षात ठेवावी, कारण बाई बहुतेक वेळा घरी सांगायलाच दोन महिने घालवते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणीही थांबू नये. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे.

पोच

नव्या मुलींना भाषण करायचे असते, घोषणा लिहायच्या असतात, आणि तो उत्साह आम्हाला हवाच आहे. पण त्यांना आम्ही पहिले काम शिकवतो ते पोच घेण्याचे. कोणताही अर्ज दोन प्रतींत लिहावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यावी आणि ती प्रत बाईच्या हातात द्यावी. गटाने फक्त झेरॉक्स ठेवावी. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असे कारकून म्हणाले तर नम्रपणे तिथेच थांबावे. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे सहज म्हणता येते. पोच असली तर तीन महिन्यांनी माहिती अधिकारात त्याच क्रमांकावर विचारणा करता येते. अर्जात विशेषणे टाळून तारखा लिहाव्यात. ‘मला नेहमी अमानुष मारहाण होते’ या वाक्यापेक्षा ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना कमरेवर मारले, त्याच दिवशी सिव्हिलमध्ये दाखवले’ हे वाक्य तिला जास्त उपयोगी पडते. इंग्रजी तारीख बाईला आठवत नसेल तर गड्ड्याची जत्रा, रमजान, मुलाची परीक्षा, पाण्याची पाळी यांवरून ती काढता येते. हे काम शांतपणे, तासभर बसून करावे लागते.

प्रश्न रस्त्यावर नेताना

सगळे प्रश्न एकट्या बाईचे नसतात. गल्लीतला बंद दिवा, बाजारपेठेत बायकांसाठी नसलेली स्वच्छतागृहे, दारूचे दुकान, ब्रँचवर विड्या नापास करून होणारी कापाकापी, यांसाठी आंदोलन करावे लागते. पायऱ्या ठरलेल्या आहेत : आधी पाहणी, मग सह्या, मग निवेदन, मग शिष्टमंडळ, आणि तरीही काही झाले नाही तर पूनम गेटसमोर धरणे. पाहणीला कमी लेखू नये. रात्री आठ वाजता गल्लीतून चालत जाऊन कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे हे खांबाच्या क्रमांकासह लिहून आणले, तर अधिकाऱ्यांना टाळाटाळ करायला जागा राहत नाही. धरण्यासाठी संबंधित पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, शहरात मनाई आदेश चालू आहे का ते विचारावे, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या बायकांसाठी सावली आणि पाणी यांची सोय कोण करणार, हेही आदल्या बैठकीत ठरवावे.

दारूच्या दुकानाबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आडवी बाटली’, म्हणजे मतपत्रिकेवरचे दुकान बंद करण्याच्या बाजूचे चिन्ह, निवडून आणायची तर आधी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी जावी लागते, आणि मतदानाच्या दिवशी आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, तर यादीतल्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचे मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखेच असते. म्हणून त्या दिवशी स्वयंपाक, म्हातारी माणसे आणि मुले कोण सांभाळणार याची यादी करणे ही प्रचाराइतकीच मोठी तयारी असते.

या शहराला लढ्याची ओळख आहे. १९३० साली इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांसमोरून आमचे मोर्चे जातात. पण नव्या मुलींना मी कुंभारीलाही घेऊन जाते. तिथे विडी कामगार बायकांच्या नावावरची १०,००० घरांची वसाहत उभी आहे, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे आणि २००६ साली घरांचे हस्तांतरण झाले. दारावर बाईचे नाव असल्याने भांडणाच्या रात्री घराबाहेर कोण जाते यात काय फरक पडतो, हे तिथल्या बायका आपल्यापेक्षा चांगले सांगतात. बदल मोठ्या शहरांतूनच येतो असेही नाही. विधवा स्त्रीचे मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा आग्रह आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने धरला, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. गावात बालविवाह ठरल्याचे कळले तर तो रोखण्याचे अधिकार ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, आहेत, हेही गावाकडून येणाऱ्या मुलींनी माहीत करून घ्यावे.

घरी काय सांगावे

खोटे सांगू नये, पण सगळेही सांगू नये. ‘बायकांच्या बैठकीला जाते, सातपर्यंत परत येते’ एवढे पुरेसे असते. बैठकीत ऐकलेली एकही गोष्ट घरी, अगदी आईलाही, सांगायची नाही, नाव गाळूनही नाही. पूर्वभागात दोन गल्ल्यांत सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. परत जाताना दोघी-तिघींनी मिळून रिक्षा करावी आणि घरी पोचल्याचे कळवावे. ऐकलेले मनात साठून झोप लागेनाशी झाली, तर ती आपली कमजोरी समजू नये. पुढच्या बैठकीआधी जुन्या बाईशी बोलावे, एखादा महिना नुसत्या सह्या गोळा करण्याचे काम मागून घ्यावे. आम्ही सगळ्यांनी ते कधी ना कधी मागितले आहे.

पुरुषांना यायचे असेल तर खुल्या कार्यक्रमांना जरूर यावे, ३ जानेवारीला, ८ मार्चला आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी पंधरवड्यात. सतरंज्या घालणे, मुले सांभाळणे आणि चहा करणे ही कामे त्या दिवशी त्यांच्याकडे असतात. आठवड्याच्या बैठकीत मात्र फक्त बायकाच बसतात.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात ऐकावे. दुसऱ्या महिन्यात जुन्या बाईबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांचे कार्यालय, वन स्टॉप सेंटर (पीडित बाईला एकाच ठिकाणी मदत देणारे सरकारी केंद्र), विधी सेवा प्राधिकरण आणि सिव्हिल रुग्णालय या चारही ठिकाणी एकदा जाऊन यावे. कोणत्या जिन्याने जायचे, कोणत्या खिडकीशी उभे राहायचे आणि जेवणाची सुट्टी कधी असते हे स्वतः पाहिलेले असले, की घाबरलेल्या बाईचा हात धरून तिथे जाताना आपले पाय अडखळत नाहीत. तिसऱ्या महिन्यात वही हातात येते. तेव्हा एक जुनी बाई शेजारी बसलेली असते, समोर नव्याने आलेली बाई असते, आणि पहिल्या ओळीत नाव लिहायचे नसते. फक्त तारीख लिहायची, पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, ‘अक्का, तुम्हाला काय हवं आहे?’